भिगवणचा मासा

कमल सिस्टर बेशुद्ध पोरांशी गप्पा मारायच्या. सलाईन लावताना कानाशी वाकून म्हणायच्या, "काय गं बया, शाळा बुडवायला हितं आलीस व्हय?" इंदापूरच्या त्या छोट्या दवाखान्यात मी नवाकोरा डॉक्टर. मला हसू यायचं.

पोराच्या आईला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटचं कधी खाल्लं लेकरानं?" ताप, झटके, सगळं नंतर. "पोटात न्हाय तर डोस्क्यात कुठनं यील?" असं त्यांचं शास्त्र.

एकदा भिगवणच्या मासेमाराची सहा वर्षांची पोर आली. मलेरिया मेंदूपर्यंत पोचलेला. शुद्ध नाही, झटक्यांवर झटके. मी मलेरियाचं इंजेक्शन दिलं आणि मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉलची बाटली मागितली. सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, आधी साखर बघू का? दोन दिस पोटात काय न्हाय तिच्या."

"डॉक्टर तुम्ही की मी?" मी पोरीच्या आईसमोर खेकसलो.

सिस्टरांनी बाटली आणून ठेवली, आणि न विचारता पोरीच्या बोटाला सुई टोचली. साखर पार तळाला गेलेली. मशीनवरचा आकडा त्यांनी गुपचूप माझ्यापुढं धरला. मी मानेनंच 'द्या' म्हटलं. शिरेतून ग्लुकोज गेलं तसे झटके थांबले. दुसऱ्या दिवशी पोरीनं पाणी मागितलं. बाटली फोडावीच लागली नाही.

आणि बाहेर बसलेल्या बापाला मी काय सांगावं? "मेंदूची सूज वेळेत उतरवली, म्हणून वाचली!" सिस्टर मागं चादरीची घडी घालत होत्या. पोर घरी गेल्यावर बाप उजनीचा भलामोठा मासा घेऊन माझ्या दारात आला. मी तो घेतला, चवीनं खाल्ला. आजही आठवलं की लाजेनं मान खाली जाते.

पुढं आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं. उद्या माफी मागू, उद्या मागू, असंच चाललं. आता बारामतीत नव्या डॉक्टरांना मी बजावतो, आधी साखर बघा, मेंदूच्या मलेरियात मॅनिटॉलची बाटली देऊ नका. हे कुणी शिकवलं, ते सांगत नाही.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. जळोचीला त्यांच्या दहाव्याला तो बाप दिसला. मला राहवेना. म्हणालो, "दादा, तुमची पोर मी नाही, सिस्टरांनी वाचवली."

"ठावं हाय की सर. आमची मंडळी तितंच हुती."

"मग मासा मला का दिलात?"

"सिस्टरबाईंकडंच घिऊन गेलतो. त्याच म्हनल्या, सरास्नी द्या. नवीन हायत, लई भ्यालेत."