आधी ण म्हण, मग पाणी

"पानी नाही, पाणी. ण म्हण. मगच मिळेल."

डॉक्टरीणकाकूंनी ग्लास डोक्याच्या वर धरला होता. मँचेस्टरमधलं त्यांचं मोठं घर. दिवाळीचा फराळ. कार्पेटवर बसलेली सगळी मुलं माझ्याकडे बघतायत. मी सात वर्षांची, चिवड्याने घसा पेटलेला.

"पानी," मी म्हटलं. पुन्हा, "पानी."

"ह्यांच्या घरात ण शिरलाच नाही हो!"

मुलं खिदळली. आमची जात काकूंना त्या एका अक्षरात ऐकू आली होती. माझी आई तिथेच त्यांची ताटं पुसत उभी. मलाच म्हणाली, "म्हन की बाई. म्हन एकदाचं."

मग तर मोठी माणसंही हसली.

मी बाथरूमच्या नळाला तोंड लावलं. त्या दिवसापासून मराठी बंद. आईने मराठीत विचारायचं, मी इंग्रजीत उत्तर द्यायचं. दार लावून आरशासमोर मात्र ण घोकायची. जीभ वळवून वळवून. आला एकदाचा.

नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला लागले. तिथे एल्बा भेटली. लष्कराच्या राजवटीत चिलीतून पळून आलेली, आटाकामाच्या वाळवंटातली. तिच्या लोकांची भाषा कुन्झा. मेलेली. पोरांना मारून, हिणवून तोंडातून काढलेली. उरलं काय, तर पाण्याचे पाट साफ करताना म्हणायचं गाणं. तेही अर्थ विसरलेलं. आता गावची माणसं शब्द शोधून जमवत होती, कॅसेटवर भरून तिला पाठवत होती. ब्रेकमध्ये ती ते घोकायची. पाण्याला ‘पुरी’ म्हणायचे.

"उच्चार चुकला तर?" मी विचारलं.

"चूक काढायला कोणी जिवंतच नाही."

मला तिचा हेवा वाटला. मग त्या हेव्याचीच किळस आली.

आई वारली त्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळीला एल्बाला घेऊन गेले. पाणी वाढत होत्या त्याच काकू. एल्बाने ग्लास घेतला. खुशीत म्हणाली, "पुरी!"

"तिच्या भाषेत पाणी," मी सांगितलं.

"वॉटरला पुरी?" डॉक्टरकाका ओरडले. "अरे, मग पाणीपुरीच झाली की!"

सगळे हसले. एल्बाला काही कळलं नाही. सगळे हसतात म्हणून तीही हसली. ते मला बघवेना.

काकूंनी माझा गाल थोपटला. "पण तू सुधारलीस हं! काय स्वच्छ ण आहे. आईला बिचारीला शेवटपर्यंत जमलं नाही."

"पानी," मी म्हटलं.

"काय?"

"पानी, काकू. माझ्या आईचं पानी." त्यांच्या हातातला जग काढून घेतला आणि माझा ग्लास मीच भरला. आता कोणी हसत नव्हतं.

मला ण येतो. कागदावर लिहितेही. पण आईचं पानी आता फक्त माझ्या तोंडात उरलंय. ते मी मरू देणार नाही. माझ्या मुलीला पहिल्यांदा तेच शिकवलं. कोणी ग्लास वर धरून ण म्हणायला लावला, तर ग्लास हिसकावून घ्यायचा, हेही तिला सांगून ठेवलंय.