धुक्यातला ऑम्लेट-पाव

तोंडात चहा असेल तर आधी गिळून घ्या, मग ऐका. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा माझ्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता. वर तो मलाच विचारत होता, की दाजी, असं फक्त तुमच्याच बाबतीत कसं घडतं? मला काय माहीत?

मी भिवंडीत एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. दिवसभर खोकी आणि ट्रक. मित्र म्हणाल तर नव्हतेच. रविवारी मी घरात असा लोळत पडायचो की शेवटी बायकोच म्हणाली, गाडी आहे ना दारात, जा की जरा चार माणसांत. म्हणून मोटरसायकलवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये नाव घातलं. सगळा कारभार फोनवर, एकाचाही चेहरा पाहिलेला नाही. रविवारी पहाटे शेलारच्या पुढे चहाच्या टपरीवर जमायचं आणि तिथून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत जायचं, असं ठरलं.

आणि पहिल्याच रविवारी मला उशीर झाला.

धामणकर नाका सुटला तोवर ठीक होतं. शेलारनंतर जे धुकं लागलं, विचारू नका. माझं पुढचं चाक मला दिसेना. टपरी कुठे मागे पडली तेही कळलं नाही. पुढे मात्र लाल दिवे दिसले. एकामागे एक, अगदी हळू चाललेले. म्हणजे निघाले की हे, मला टाकून! खरं सांगतो, फार लागलं मनाला.

हॉर्न दिला. कोणी वळून बघेना. जवळ गेलो तर ते वेग वाढवायचे, मी हळू झालो की तेही हळू व्हायचे. मधलं अंतर काही मिटत नव्हतं. रविवारची राइड म्हणजे आरडाओरडा, मस्करी असं मी ऐकून होतो. इथे एक शब्द नाही. अंबाडी आली आणि गेली. रस्त्यात बसलेलं एक कुत्रं न भुंकता उठलं आणि शेपूट घालून बाजूला झालं. परत फिरावं असं दहादा वाटलं, पण त्या धुक्यात एकट्याने परत जायचं कोणी?

अकलोलीच्या अलीकडे, नदीवरच्या पुलापाशी, ते दिवे एकेक करून विझले. मीही मागे थांबलो. थंडीने माझी वेगळीच घाई झाली होती, म्हणून आधी झुडपामागे जाऊन आलो. परत येऊन बघतो तर गाड्या रांगेत उभ्या, हेल्मेटं हँडलला लटकलेली, आणि माणूस एक नाही.

पुलाच्या कठड्यावर केळीचं पान मांडलेलं. त्यावर ऑम्लेट-पाव, तळलेली मिरची. शेजारी ग्लासात चहा, वाफ निघत असलेला. आणि खाली नदीच्या बाजूने, धुक्यातून एक जड आवाज आला.

"घे रं बाबा. तुज्यासाठीच आनलंय. आता राग सोड."

अंगावर सर्रकन काटा आला. आणि लगेच गहिवरूनही आलं. बघा, किती मोठ्या मनाची माणसं! मला टाकून निघाले म्हणून माफी मागतायत. मी कठड्यावर बसलो आणि पाव उचलला.

आवाज पुन्हा आला, आता रडवेला. "चुकलं माजं. तुला उशीर झाला तरी थांबाया पायजे व्हतं."

आता इतकं म्हटल्यावर कोण राग धरेल? तोंडात उरलेला अर्धा पाव, वरून मफलर, तशातच मी घोगऱ्या आवाजात बोललो, "नाही रे. राग कसला? सोडला."

खाली एक किंकाळी फुटली. कोणीतरी धपकन पाण्यात पडलं. पळापळ झाली, आणि एकाने मारुतीचा धावा सुरू केला. तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रुपवाले होते. विचारत होते, की साहेब, आहात कुठे? आम्ही सगळे टपरीवर तुमच्यासाठी खोळंबलोय, अजून कोणीच निघालेलं नाही.

कोणीच निघालेलं नाही. मग मी आलो कोणाच्या मागे?

घास घशातच अडकला. तेव्हा कुठे मला चहाच्या ग्लासामागे टेकवलेला फोटो दिसला. मोटरसायकलवर बसून हसणारा माणूस, फोटोला झेंडूचा हार. मग मीही ओरडलो.

खालून चिंब भिजलेला एक माणूस हात जोडून वर आला. हा काशिनाथ. फोटोतला त्याचा दोस्त दत्ता. दर रविवारी हे सगळे इथे येऊन नाश्ता करायचे. एकदा दत्ताला उशीर झाला, काशिनाथ न थांबता निघून आला, त्यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. ते सुरू व्हायच्या आधीच दत्ता गेला, घरात, झोपेत. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून दरवर्षी तो गेला त्या दिवशी ते त्याच्या आवडीचं पान इथे ठेवतात आणि लांब जाऊन वाट बघतात. कावळा येत नाही. दत्ताचा राग गेला नाही, हे काशिनाथने मनाला लावून घेतलेलं. आणि आज तर वाटभर सगळ्यांना आरशात मागे एक दिवा जास्त दिसत होता. एकाचीही तोंड उघडायची छाती झाली नव्हती.

एवढ्या वर्षांनी काशिनाथला उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर हनुवटीला अंडं लावून समोर उभं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सगला खाल्लास?" त्याने विचारलं.

"हो."

"मिरची पन?"

"मिरची पण."

तो कठड्यावर बसला आणि तोंड झाकून घेतलं. आता हे मला नदीत ढकलणार, याची मला खात्री पटली. तेवढ्यात त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर बुधाजीकाका हळूच म्हणाले, "काश्या, तवा दर्भाचा कावला चालला ना? ह्यो तर जिता हाय. आन आला पन कसा, दत्तासारखाच. उशिरा."

काशिनाथ हसायला लागला. डोळे गळत होते आणि हसत होता. मग थर्मासमधला उरलेला चहा त्याने स्वतः मला ओतून दिला.

टपरीवरच्या ग्रुपने मला त्याच दिवशी काढून टाकलं. आता मी दर रविवारी यांच्याबरोबर जातो. मला उशीर झाला तर गाड्या बंद करून थांबतात, काशिनाथ तर रस्त्यात येऊन उभा राहतो. बायको खूश आहे, नवऱ्याला माणसं मिळाली म्हणून.

फक्त दत्ताचा दिवस आला की आदल्या संध्याकाळी काशिनाथचा फोन येतो. म्हणतो, "उपाशी ये. आन जमलं तर कालं जाकीट घालून ये."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? घेतलं मी.