मनकर्णाची रास

मनकर्णा टोपली उचलण्याआधी मातीत हात घालून बघायची. वरची ढेकळं बाजूला सारायची, खालची माती बोटांतून गाळायची, आणि मगच चुंबळ सारखी करून टोपली डोक्यावर घ्यायची. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. कर्जतच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं होतं, आणि सारं गाव त्या बांधावर माती टाकत होतं.

"का गं, हंडा घावला का सोन्याचा?" मागून कडूबाई ओरडायची. "घावला तर आमाला बी एक पुतळी दे!"

बाया हसायच्या. मनकर्णाही हसल्यासारखं करायची. तिला सोनं नको होतं. टोपलीत एखादं बारीक हाड येईल, याची तिला धास्ती होती.

तिची पहिली लेक दात यायच्या आधीच गेली होती. नवरा सहादेव तेव्हा कोपरगावाकडं ऊसतोडीला गेलेला. थोरल्या दिरानं, पुंजारामनं, लेकरू फडक्यात गुंडाळलं आणि ओढ्याकाठी नेऊन पुरलं. आमच्याकडं एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, माती देतात. आणि ती जागा आईला सांगत नाहीत. सांगितली तर ती तिथंच जाऊन बसते, तिचं मन पुढच्या लेकरात रमत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. पुरणारा माणूस मागं न बघता घरी येतो, पाय धुतो आणि त्या गोष्टीपुरता मुका होतो.

मनकर्णानं विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. थोरल्या दिरापुढं धाकटी भावजय तोंड उघडत नसे. तो अंगणात आला की ही पदर ओढून आत जायची. पुढं दोन मुलगे झाले, घर भरलं. पण ओढ्यावर धुणं आपटताना ती काठावरच्या एकेका बाभळीकडं बघत राहायची. हिच्याखाली असंल का? का तिच्याखाली?

आता त्या बाभळीही तुटल्या होत्या आणि काठाची माती टोपलीटोपलीनं बांधावर चालली होती.

बांधासाठी दगड हवा झाला तेव्हा मुकादम गहिनीनाथनं माणसं टेकडीवर धाडली. तिथं दगडांची गोल कडी आहेत आणि कड्यांच्या मधे राशी. किती जुन्या, ते त्या टेकडीलाच ठाऊक. एक रास उपसली, तर तळाशी काळं-तांबडं मडकं उपडं निघालं. माणसं भेदरून खाली आली. कामावर पाणी वाटणारी म्हातारी भीमाबाई संतापली.

"ठिवा ते दगड माघारी! मेलेल्यांची घरं हायेत ती. माजी आजी सांगायची, मानूस गेलं की त्याच्या जाग्यावरची मूठभर माती टेकडीवर न्यायची, वर रास रचायची, आन् आखितीला घरातल्या परत्येकानं एक धोंडा चढवायचा. रास वाढती तवर त्याला कुनीतरी आठवतंय."

"मग बंद का पडलं, आत्या?" कडूबाईनं विचारलं.

"पोटामागं पळता पळता मानसं टेकडी चढायची इसरली. दुसरं काय?"

दगड माघारी गेले. पण मूठभर माती हे शब्द मनकर्णाच्या काळजात रुतून बसले. तलाव भरला की ओढाकाठ पाण्याखाली जाणार. त्याआधी मूठभर माती मिळाली, तर लेकीची रास रचता येईल. पण कुठली माती? आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती, आणि रोज काठाचा एक तुकडा कमी होत होता.

तिनं थोरल्या जावेकरवी, मालनबाईकरवी, पुंजारामला जागा विचारली. मालनबाई खाली मान घालून परत आली. "त्ये म्हंत्यात, गेलेलं उकरू नगं."

मनकर्णा पुन्हा टोपलीटोपलीत हात घालून बघत राहिली.

खोदकामात एक पद्धत असते. खड्डा किती खोल गेला ते कळावं म्हणून मधे मधे मूळ जमिनीचा एकेक खांब सोडतात. माथ्यावरचं वाळलं गवतसुद्धा तसंच. साहेब येऊन त्या खांबावरून माप घेतो. माप झालं की खांब पाडून तीही माती बांधावर टाकतात. ओढ्याकडच्या खड्ड्यात पुंजाराम कुदळीवर होता. त्याचा खांब अगदी वाटेत आला होता.

"पुंजाराम, ह्यो मधोमध पायजे हुता," गहिनीनाथ म्हणाला. "हितं काय देव बसलाय का तुजा?"

"असू द्या," एवढंच पुंजाराम म्हणाला.

एका सकाळी साहेब आला, मापं घेऊन गेला. गहिनीनाथनं हाळी दिली, "पाडा रं खांब!" शेजारच्या खड्ड्यात पहिला खांब धप्पकन पडला. मग दुसरा. आज काठ संपला, की विचारायलाही काही उरणार नव्हतं.

मनकर्णानं टोपली खाली ठेवली. पदर दातांत धरला आणि साऱ्या बायांच्या देखत पुंजारामपुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, माजी लेक कुटं हाय?"

कुदळी थांबल्या. इतक्या वर्षांत त्यानं तिचा आवाज समोरून ऐकला नव्हता. त्यानं मान वर केली नाही. मातीच्या खांबावर तळहात टेकवला.

"म्हनून तर ह्यो हितं सोडला, बाई."

गहिनीनाथ धावत आला. "काय चाललंय? माती सरकारी हाय, बांधावरच पडली पायजे!"

"मुकादम," कडूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सुकडी खायची सुट्टी झाली का न्हाई? सुट्टीत आमी आमचं डोकं कुटं बी न्हेऊ."

तो पुटपुटला, पण बाजूला झाला.

पुंजारामनं कुदळ ठेवली. खुरप्यानं, माथ्यापासून, हलक्या हातानं खांब उतरवायला लागला. मनकर्णा टोपली घेऊन पुढं सरकली. जागा चुकली असेल तर? कोल्ह्यांनी आधीच नेलं असेल तर? माती गुडघाभर उरली तेव्हा खुरपं खणकन वाजलं. जात्याची फुटकी तळी. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून त्यानंच ठेवलेली.

त्यानं बायांकडं पाठ केली. तळीखाली काय होतं ते कुणाला पाहू दिलं नाही. दोन्ही हातांनी भरून जे घेतलं ते मनकर्णाच्या टोपलीत ठेवलं, वर आपलं मुंडासं अंथरलं आणि तळी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

उन्हात सारे टेकडी चढले. मनकर्णानं वाटेत एकदाही टोपली डोक्यावरून खाली घेतली नाही. जुन्या राशींच्या शेजारी माती ठेवली, तिच्यावर भीमाबाईनं पाण्याचा डेरा उपडा घातला, मग तळी आणि मग दगड. कडूबाईनं दोन धोंडे चढवले. आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं तिचं नाव कडू ठेवलं होतं. "त्यांची जागा कुनाला ठावं?" ती म्हणाली. "हितंच ऱ्हाऊ द्या दोगं."

खालून गहिनीनाथची शिट्टी वाजली. मनकर्णानं पदर पुन्हा तोंडावर ओढला. त्यानंतर ती दिराशी कधी बोलली नाही.

पुंजाराम सगळ्यांच्या पुढं उतरत होता. लेकराला माती देऊन येणारा माणूस मागं बघत नाही. अर्ध्या वाटेत तो थांबला, वळला आणि राशीकडं बघत उभा राहिला.