चाफ्याचा उपवास

आमच्या डहाणूच्या चर्चमध्ये वेदीसाठी फुलं आणणारी मावशी जवळच्या चिखले गावची. कपाळावर ठसठशीत कुंकू. टोपली उतरवली की घटकाभर डोळे मिटून उभी राहायची. नाव मी कधी विचारलंच नाही.

उपवासकाळात, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, आम्ही वेदीवर फुलं ठेवत नाही, हे पहिल्या वर्षी तिला सांगायचं राहूनच गेलं. ती टोपलीभर पांढरा चाफा घेऊन आली. मी ओशाळून तिला ते सांगितलं.

"असू दे गं," ती म्हणाली, "चाळीस दिवस फुलं झाडालाच राहू देत."

ईस्टरच्या आदल्या दिवशी फुलं सांगायला तिच्या घरी गेले. अंगणात चाफा जणू झोपेतच फुलला होता. खाली सडा पडलेला. दारातून तिचा देव्हारा दिसला. समई तेवत होती. देवांपुढे फूल मात्र एकही नव्हतं.