कानाला लावायचा हात

ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं, सुटले. डावं स्तन गेलं, जीव राहिला, विषय संपला. पण पुण्याच्या डॉक्टरांनी टाके काढतानाच सांगितलं, की कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून अजून लाईट, म्हणजे यंत्राचे किरण, घ्यायचे आहेत. जखम भरली की रोज यंत्राखाली निजायचं आणि डावा हात डोक्याकडे वर नेऊन कानाला लावून ठेवायचा. हात खाली राहिला तर यंत्राला काखेची जागा सापडत नाही. तोवर हात हलवत राहा, असं त्यांनी बजावलं. मी दौंडच्या शाळेत मास्तरीण, सगळा जन्म पोरांना हात वर करायला लावण्यात गेलेला. मला त्यात अवघड ते काय वाटणार?

माझ्या सेवेला आई शिरूरकडच्या आमच्या गावाहून पत्र्याची पेटी घेऊनच आली होती. तिच्या लेखी ऑपरेशन झालेली बाई आणि बाळंतीण यांत काडीचा फरक नव्हता. बाळंतिणीचं पोट बांधतात तसा तिनं जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं माझा हात छातीशी घट्ट बांधला. डोक्याला फडकं, कानात कापूस, आणि सव्वा महिना कशालाही हात लावायचा नाही. मी डॉक्टरांचं नाव काढलं की ती म्हणायची, तो कापून मोकळा झाला, निभवायचं आपल्याला. हात हलला की जखम ओढायची, त्यामुळे माझं भांडणही अर्ध्यावर थांबायचं. आमचे हे रेल्वेत, लोको शेडमध्ये. तिथं भलीभली इंजिनं हलवणारा माणूस, पण सासूपुढं त्यांचं चाक कधी फिरलं नाही.

लाईटसाठी मापं घ्यायला आईला घेऊन पुण्याला गेले तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी धरून पाहिला, मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हात वर गेल्याशिवाय लाईट देता येणार नाहीत. आणि फार दिवस गेले तर देऊन उपयोग नाही." त्यांनी थोडी मुदत दिली. परतीच्या गाडीत यवत गेलं, केडगाव गेलं, मी आईकडं पाठ करून बसले. मला तिचा राग आला होता आणि मरणाची भीती वाटत होती.

घरी येताच पट्टा सोडला आणि फरशी पुसायला टाकला. आई खवळली. मी वाटेल ते बोलले, माझ्या जिवावर उठलीस इथपर्यंत. ती चुलीकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, "मला तिकडं बघवत न्हाई. बांधून झाकून ठिवलं म्हंजी वाटतं, हाय अजून."

मला भडभडून आलं. पण तेव्हा विरघळले असते तर संपलंच होतं. मी म्हटलं, "नाही राहिलं ते. आता मला तरी राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीला तोंड करून उभी राहायचे आणि बोटांनी भिंत चढायचे. मग दांडीचं काम अंगावर घेतलं. मागच्या खोलीत छताशी वेळूची दांडी टांगलेली होती, तिच्यावर आई काठीनं कपडे वाळत घालायची. मी काठी लपवून ठेवली आणि स्टुलावर उभी राहून हातानं घालू लागले. आधी रुमाल, मग पंचा, मग परकर. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आई खालून स्टूल धरून उभी राहायची आणि माझ्याकडं न बघता मला शिव्या द्यायची. मुदत संपायच्या आत हात कानाला लागला.

मग छातीवर लाईटची जागा दाखवणाऱ्या जांभळ्या शाईच्या रेघा आल्या आणि रोजची पुण्याची गाडी सुरू झाली. रेघा पुसायच्या नाहीत, तिथं साबण नाही, तेल नाही. आई हळद घेऊन यायची, मी परत पाठवायचे. झंपर सोडून मलमलीचं सैल पोलकं घालायचे. जेवणाची चव गेली. शाळेतून रजा घेतली होती, तरी अंगात उभं राहण्याचं त्राण नसायचं. कातडी आधी लाल झाली, मग तव्यासारखी काळी, आणि शेवटी काखेत फाटली.

त्या सकाळी मी सांगून टाकलं, आज जायचं नाही. थोडेच लाईट राहिले होते, तेवढे नाही घेतले तर काय बिघडतं? हात अंगापासून सुटा करायचा म्हटलं तरी जीव जात होता. वाटलं, आईला बरंच वाटेल.

आईनं पोलकं बाजूला केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं ती जागा नीट बघितली, वरपासून खालपर्यंत. मग तिनं पोलक्याचे बंद पुन्हा बांधले.

"हात बांधला तवा माझ्याशी भांडलीस," ती म्हणाली. "आता मी भांडते. ऊठ."

माझी पिशवी उचलून ती स्टेशनच्या वाटेला लागलीसुद्धा. मला मागं जावंच लागलं.

यंत्राखाली हात वर नेला तेव्हा काखेतली कातडी आणखी उलली. "हलू नका" असं सांगून सिस्टर बाहेर गेली आणि जाड दार लागलं. इतके दिवस दाबून धरलेलं रडू तेव्हा फुटलं. पाणी डोळ्यांतून कानात जात होतं आणि पुसायची सोय नव्हती. मी हलले नाही.