सुमतीबाई आणि रद्दीत गेलेल्या कादंबऱ्या

सुमतीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोल्हापुरातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात, सहायकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले तेव्हा. त्या तिथे ग्रंथपाल होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: कोणतं पुस्तक वाचून तुमची झोप उडाली? मला उत्तर देता आलं नाही, तरी त्यांनी मला घेतलं.

महानगरांवरच्या कादंबऱ्यांचं एक कपाट बाईंनी हौसेनं उभं केलं होतं. भाड्याच्या खोल्या, रात्रपाळ्या, टोळ्या, झोपडपट्ट्या. भाषाही तिथलीच, शिव्यांसकट. घरंदाज वाचकांच्या संस्थेत हे कशाला, असं कार्यकारिणीतले काहीजण म्हणत. आपली मुलं पोटासाठी तिकडेच जातात, ती कशी जगतात हे इथे कळायला नको का, असं बाई शांतपणे विचारत.

एका दुपारी उचगावच्या आक्काताई आल्या. पुण्यात घरोघरी पार्सलं पोचवणारा त्यांचा मुलगा अपघातात गेला होता. त्याच्या सामानात आमची एक कादंबरी सापडली, ती परत करायला त्या आल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"ह्यात काय लिवलंय, बाई? माझं पोरगं तिकडं कसं ऱ्हात हुतं, तेवढं तरी कळंल."

बाईंनी त्यांना बसवून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. पुढे कितीतरी दुपारी आक्काताई येत राहिल्या. बाईंनी एकही शिवी गाळली नाही. शेवटचं पान संपल्यावर आक्काताई तोंडाला पदर लावून उठल्या आणि गेल्या.

पुढे यजमानांच्या आजारपणात बाई दीर्घ रजेवर होत्या. तेवढ्यात कार्यकारिणीनं त्या कपाटातल्या कादंबऱ्या काढून टाकायचं ठरवलं. यादीवर प्रभारी म्हणून माझी सही हवी होती. मी केली. सगळी पुस्तकं रद्दीत गेली, आक्काताईंनी परत आणलेलं सुद्धा.

बाई रुजू झाल्या तेव्हा कपाटात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लागली होती. मी रडत सगळं सांगितलं.

"नोकरीवर तुमचं घर चालतं, हे मला ठाऊक आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

कार्यकारिणीला जाब विचारताना त्यांनी माझं नावही घेतलं नाही. निवृत्तीपर्यंत त्या तशाच कादंबऱ्यांची मागणी करत राहिल्या. बहुतेक मागण्या नामंजूर झाल्या.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात ती सही लपवून त्यांचं कौतुक करणं मला जमेना. त्यांनी मला केव्हाच क्षमा केली. मला स्वतःला ती अजून करता आलेली नाही.

बाई, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. तुमच्यासमोर मान वर करून बसता येईल, एवढी वर्षं मला द्या.