पातेल्याच्या तळाला गेलेला तुकडा

होडी उलटली तेव्हा मी पाण्याखाली होते आणि माझी वेणी ताराच्या मुठीत होती. डोळ्यांपुढं हिरवं पाणी, नाकात पाणी, नऊवारी पायांत गुंडाळलेली. पोहायला मला येतं, पण लुगडं पायांत आलं की पोहणं कामाचं राहत नाही. तारानं मला वेणीला धरून वर ओढलं, माझे दोन्ही हात उलट्या होडीच्या पाठीवर ठेवले आणि म्हणाली, "धर. सोडलंस तर बघ." नणंदेनं वेणी धरली म्हणून भांडण्याची ती वेळ नव्हती.

ती तारा दीड महिन्यापूर्वी नाशिकच्या दवाखान्यात गेली. हिरामणचा, म्हणजे माझ्या मुलाचा, फोन आला, "आई, आत्या गेली." मी चुलीवरची भाजी उतरवली आणि बसले. अडुसष्ट वर्षांची होती. फुफ्फुसं कामातून गेली होती. आयुष्यभर कारखान्यात रेझिनचा वास घेतला, तोंडाला फडकं बांध म्हटलं की "श्वास कोंडतो" म्हणायची. आता त्यावर बोलून उपयोग नाही. भेटायला येणारे तिच्या हातच्या मासवडीबद्दल बोलतात. मासवडी बरी करायची, एवढंच. तिचं खरं काम वेगळं होतं, आणि ते लिहून ठेवायला पाहिजे असं मला वाटलं.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात, धरणाच्या काठावर. वरच्या बाजूला द्राक्षबागा, खाली पाणी, आणि पाण्यात आमची मासेमारी. ताराचं लग्न देवळाली कॅम्पला झालं होतं. नवऱ्यानं दुसरं घर केलं, ही परत आली. रडत आली नाही, पिशवी घेऊन आली. आठ दिवसांनी अंबडच्या एका कारखान्यात लागली. तिथं फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि बाथटब व्हायचे. काचेच्या धाग्यांची चटई कापायची, साच्यावर अंथरायची, वरून ब्रशनं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, लावायचं, हे तिचं काम. संध्याकाळी घरी आली की अंगाला काचेची कूस टोचत असायची. अंघोळ होईपर्यंत हिरामणला जवळ येऊ द्यायची नाही. "लांब हो रे, आत्याला काटे आलेत," म्हणायची. पाच वर्षांत ती साचा करायला शिकली. मग सासऱ्यांच्या जुन्या लाकडी होडीवरून तिनं आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचा साचा केला आणि सुट्टीच्या दिवशी होड्या करायला लागली. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचे थेंब थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी, हे ती हवा हुंगून ठरवायची. माझे मालक म्हणायचे, "बाईनं केलेली होडी कोण घेणार?" पहिली त्यांनीच घेतली. पुढं गावच्या मच्छीमार सोसायटीतल्या चौघांनी घेतल्या. दोन माणसं सहज उचलून काठावर आणतील इतक्या हलक्या, आणि वल्हं मारलं की बाणासारख्या सरळ जाणाऱ्या. एक दोष होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावाच्या दगडी भिंती वर येतात, त्यावर आपटली की फायबर तडकायचं. पण तडकलं तर तारा संध्याकाळी बसून ठिगळ लावायची, आणि सकाळी होडी पाण्यात.

मालक गेल्यावर जाळं मी आणि हिरामण टाकायला लागलो. त्याच सुमारास सोसायटीला एका योजनेतून प्लास्टिकची होडी आली, साच्यात एकसंध ओतलेली. वर्षभर वापरून बघा, पसंत पडली तर अशा आणखी आठ मिळतील, नाहीतर त्याच रकमेत तुम्हाला हव्या त्या होड्या करून घ्या, असं ठरलं होतं. हव्या त्या म्हणजे ताराच्या. आठ होड्या म्हणजे दीड-दोन वर्षांचं काम. त्यावर ती कारखाना सोडून स्वतःची शेड घालणार होती. जागा बघून आली होती. बोलायची नाही, पण जेवताना ताटाच्या कडेला बोटानं शेडचा आराखडा काढायची.

ती प्लास्टिकची होडी मला काही आवडली नाही. उचलायला चार माणसं. वाऱ्यात सरळ जायचं नाव नाही, म्हशीसारखी बाजूला सरकायची. पण भिंतीवर आपटली तर नुसती दबायची आणि परत फुगायची, ओरखड्यापलीकडं काही नाही. हिरामण तिच्यावर खूश. तारा म्हणायची, "बादली हाय ती, होडी नाय." मग होळीच्या आसपास हिरामणनं ती एका बागाईतदाराच्या जुन्या पंपाच्या लोखंडी अँगलवरून ओढली आणि तळाला वीतभर चीर पडली. तारा तर वाटच बघत होती. चीर बघून होडीलाच म्हणाली, "आलीस का शेवटी माझ्याकडं?" घासून घेतलं, पुसून घेतलं, चटईचे दोन थर लावले, वर रेझिन. दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांनी ठोकून दाखवलं. "ऐक वहिनी, कसं वाजतंय. दगड झालाय दगड."

तिथं ती चुकली. फायबरचं रेझिन त्या प्लास्टिकला धरतच नाही. तव्यावर भाकरी बसावी तसं नुसतं बसतं. हे ना तिला ठाऊक, ना आम्हाला. तिनं कुणाला विचारलंही नाही, कारण रेझिनच्या बाबतीत कुणाला विचारायची तिला सवयच नव्हती.

आठ दिवसांनी सोसायटीचे चेअरमन बाळूनाना होडी कशी चालते ते बघायला आले. मच्छीमारांचा चेअरमन, पण पोहायला येत नव्हतं. आम्ही जाळी काढायला पलीकडच्या अंगाला निघालो. हिरामण वल्ह्यावर, मी जाळ्यापाशी, नाना मधोमध, आणि तारा आपलं ठिगळ कसं टिकलंय ते मिरवायला. दुपारचा वारा उठला. हिरामण म्हणाला, "आई, होडी जड का लागतीय?" मी म्हटलं, "नानांना बसवलंय ना." नाना पण हसले. पायाखाली सगळं कोरडं होतं. ही होडी दोन पदरांची, मधे पोकळ. लाटेवर प्लास्टिक वाकत होतं, ठिगळ वाकत नव्हतं, ते कधीच निघून गेलं होतं आणि मधल्या पोटात पाणी भरत होतं. फायबरच्या होडीत पाणी आलं तर पहिल्यांदा पायाला कळतं. हिनं कळूच दिलं नाही. एकदम कलली आणि गेली.

मला वर काढल्यावर तारानं नानांना आणलं. नाना बोंबलत होते. "नाना, तोंड मिटा, पाणी जातंय," असं ती म्हणाली आणि ते खरंच गप्प झाले. हिरामण पलीकडच्या बाजूनं आला. चौघं त्या उलट्या होडीला धरून राहिलो… उन्हं उतरेपर्यंत. तळ आता वर होता आणि चीर आमच्या डोळ्यांपुढं, स्वच्छ, ठिगळाचा मागमूस नाही. तारानं सगळा वेळ तिच्यावर तळहात दाबून ठेवला होता. आतली हवा निघू नये म्हणून, की आम्हाला ते दिसू नये म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. शेवटी सोसायटीची दुसरी होडी आली.

चार दिवसांनी मारुतीच्या देवळासमोर सोसायटीची बैठक भरली. नाना उभे राहिले, आवाज अजून बसलेला. "हे प्लास्टिक आपल्याला नको. मी मरता मरता वाचलोय. कंपनीला परत पाठवा आणि आठ होड्या ताराबाईंकडून करून घ्या. हात वर करा." हात वर झाले, माझाही झाला. खोटं सांगत नाही, मला आनंद झाला होता. तेवढ्यात तारा उठली आणि मला म्हणाली, "वहिनी, घरून मोठं पातेलं आण. पाणी भरून." मला वाटलं चहा करते की काय.

पातेलं आणलं. तिनं पदरातून दोन तुकडे काढले, एक तिच्या फायबरचा, एक प्लास्टिकचा, दोन्ही तळहाताएवढे. आधी म्हणाली, "होडी उलटली ती माझ्या ठिगळानं. प्लास्टिकचा दोष नाय. मला त्यातलं कळत नव्हतं आणि मी हात घातला." मग दोन्ही तुकडे पाण्यात सोडले. प्लास्टिकचा वर तरंगत राहिला. तिचा स्वतःचा टक् करून तळाला गेला. माणसं वाकून बघत होती. "माझी होडी असती तर ती पाणी भरून अशी खाली गेली असती, अन् धरायला आम्हाला काय राहिलं असतं? ही उलटली तरी तरंगली, म्हणून नाना इथं भाषण करतायत."

मागून कुणीतरी बोललं, "ताराबाई, स्वतःच्या धंद्याला कुलूप लावताय व्हय?"

"लागू दे. अजून ऐका. माझी होडी हलकी हाय, सरळ जाती, घरच्या घरी दुरुस्त होती, त्यात ही तिची बरोबरी करणार नाय. पण आपल्या पाण्यात भिंती हायेत अन् निम्म्या लोकांना पोहता येत नाय." इथं सगळ्यांनी नानांकडं पाहिलं. "म्हणून इथं ही घ्या. अन् माझ्या पाच होड्या हायेत त्या एकेक करून माझ्याकडं आणा. बाकाखाली थर्माकोल भरायला पाहिजे होतं. जाळ्याची जागा जाती म्हणून मी भरलं नव्हतं. आता भरून देते."

घरी आल्यावर मी तिला सोडलं नाही. "मूर्ख हायेस. पातेलं माझं, अन् दिवाळं तुझं." ती हातपाय धुवत होती. म्हणाली, "वहिनी, एका हातात तुझी वेणी होती. दुसऱ्या हातानं मी काय धरलं होतं, ते आठव." तीच प्लास्टिकची होडी. मी भाकरी वाढली. त्या रात्री ताटाच्या कडेला बोट फिरलं नाही.

सोसायटीनं प्लास्टिकच्या आठ होड्या घेतल्या. शेड झाली नाही. तारा कारखान्यातच राहिली, आणि रविवारी रविवारी पाचही होड्यांच्या बाकांखाली थर्माकोल भरून तिनं वरून फायबरनं बंद केलं. मग प्लास्टिक जोडायला शिकली. गरम हवेच्या बंदुकीनं त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून चिरेत भरायची. पहिले कितीतरी तुकडे जाळले, घरभर घाण वास. मी ओरडायची, ती जाळायची. जमलं तेव्हा तीच जुनी चीर तिनं सांधली, आणि सगळ्यांत आधी एकटी त्या होडीत बसून पलीकडच्या काठाला जाऊन आली. पुढच्या वर्षांत दुसऱ्या धरणांवरून माणसं टेम्पोत होड्या घालून आणायची, फायबरच्या आणि प्लास्टिकच्याही. कुठली घेऊ, असं विचारलं तर ती आधी विचारायची, "तळाला काय हाय? खडक का गाळ? उचलणारे किती जण? पोहता येतं का?" मग सांगायची. स्वतःची होडी खपावी म्हणून तिनं कधी उत्तर फिरवलं नाही. पोटापाण्याच्या धंद्यात असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती माझी नणंद होती याचा मला अभिमान आहे, आणि हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "काय पाहिजे?"

मागच्या पत्र्याच्या खोलीत तिचा साचा अजून आहे, मेण लावून पालथा ठेवलेला. हिरामण म्हणतो जागा अडते. अडू दे.

त्या दुपारी होडीत आम्ही चौघं होतो. बाळूनाना पुढं सहा वर्षं जगले आणि आपल्या घरी, खाटेवर गेले. तारा आता गेली. हिरामण आजही जाळं टाकतो. मी बहात्तर वर्षांची आहे. चौघांपैकी त्या दिवशी कुणीही बुडालं नाही.